तयार विद्युत उपकरणाच्या प्रत्येक नगावर उच्चदाब चाचणी कशासाठी?

घरघंटी_भोसरी

नमस्कार मंडळी. भोसरी एमआयडीसीत आमचे घरघंटी बनवण्याचे छोटे युनिट आहे. वडिलांनी सुरू केले, आता मी आणि धाकटा भाऊ पाहतो. दिवसाला पंधरा ते वीस नग निघतात. एका मोठ्या विक्रेत्याने माल घेण्याआधी अट घातली आहे की प्रत्येक नगावर उच्चदाब इन्सुलेशन चाचणी, म्हणजे ज्याला कारखान्यात सगळे हायपॉट किंवा एचव्ही म्हणतात ती, झालीच पाहिजे आणि तिची नोंद नगाच्या अनुक्रमांकासह ठेवली पाहिजे.

आमचे डिझाइन प्रयोगशाळेतून तपासून झालेले आहे. मोटर पुरवठादाराकडून तपासून येते. वायर आयएसआय मार्कची आहे. शिवाय सगळे जोडून झाल्यावर आम्ही ५०० व्होल्टचा मेगर, म्हणजे इन्सुलेशनचा रोध मोजणारे यंत्र, लावतो आणि काटा इन्फिनिटीवर जातो. भावाचे म्हणणे असे की एवढे पुरे आहे. वडिलांची शंका निराळी आहे. हजार व्होल्ट दिल्याने चांगले इन्सुलेशनही दुखावेल आणि जो नग दहा वर्षे चालला असता तो दोन वर्षांत बसेल, अशी त्यांना भीती वाटते. दोघांनाही पटेल असे उत्तर मला देता येत नाही. खर्चाची तक्रार नाही, कारण समजून घ्यायचे आहे.

निवृत्त_परीक्षक

मी पिंपरीच्या एका मोटर कारखान्यात तपासणी विभागात एकतीस वर्षे काढली, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

प्रयोगशाळेत झालेली चाचणी आणि आता मागितलेली चाचणी यांचे प्रश्नच वेगळे आहेत. प्रयोगशाळेतील चाचणीला टाइप टेस्ट म्हणतात. तिथे नग ९३ टक्के आर्द्रतेत ४८ तास ठेवतात आणि मग मूलभूत इन्सुलेशनवर, म्हणजे वीज वाहणारे भाग आणि बॉडी यांच्यामधल्या पहिल्या इन्सुलेशनवर, १२५० व्होल्ट पूर्ण एक मिनिट देतात. त्यातून डिझाइन बरोबर आहे की नाही ते कळते. पण प्रयोगशाळेत गेलेला तो एक नग तुमच्याकडचा सर्वांत निगुतीने जोडलेला नग होता, हे आपण दोघेही जाणतो. विक्रेत्याला त्या नगाबद्दल विचारायचेच नाही. त्याला मंगळवारी दुपारी चार वाजता, दोन कामगार रजेवर असताना, घाईत जोडलेल्या नगाबद्दल विचारायचे आहे.

त्या नगात काय काय होऊ शकते ते माझ्या डोळ्यांसमोरून गेलेले आहे. वायर सोलताना कटर खोल जातो आणि आतल्या तारांपैकी एक तुटून बाहेर उभी राहते. पत्र्याच्या भोकाची बर, म्हणजे धारदार कड, काढायची राहते, भोकात बसणारा रबरी ग्रोमेट बसवायचा राहतो, आणि वायर त्या धारेवर टेकते. कव्हरचा स्क्रू ठरलेल्यापेक्षा चार मिलिमीटर लांब लावला जातो आणि त्याचे टोक वायरिंगमध्ये शिरते. यातला एकही दोष डिझाइनमधला नाही, सगळे हाताचे आहेत, आणि हाताचे दोष एखाद्याच नगात असतात. म्हणून दहा नगांतून एक काढून तपासला तर उरलेल्या नऊंबद्दल तुम्हाला काहीच कळत नाही. मोटर पुरवठादाराने तपासली त्याचाही इथे उपयोग नाही, कारण ती तपासणी मोटर तुमच्या कपाटात बसण्यापूर्वीची आहे.

घरगुती उपकरणांच्या आयईसी ६०३३५-१ या मानकाच्या परिशिष्टात प्रत्येक नगासाठीच्या चाचण्या दिल्या आहेत. २३० व्होल्टच्या, अर्थिंग असलेल्या उपकरणाला मूलभूत इन्सुलेशनवर १००० व्होल्ट, फक्त एक सेकंद. दुहेरी इन्सुलेशनच्या उपकरणाला २५०० व्होल्ट. आपले भारतीय मानक आयएस ३०२ त्याच धर्तीवर आहे.

तळवडे_पॅनेल

वरच्या यादीत माझी भर. एका पॅनेलमध्ये वायरिंग झाल्यावर ग्राहकाच्या सांगण्यावरून वरच्या पत्र्याला एक जादा भोक पाडले होते. ड्रिलची गोल वळलेली चीप बसबारच्या, म्हणजे वीज वाहून नेणाऱ्या धातूच्या पट्टीच्या, सपोर्टवर पडून राहिली. मेगरला काहीही दिसले नाही. १८९० व्होल्ट दिल्यावर चट्ट असा आवाज आला आणि चाचणीचे यंत्र ट्रिप झाले, म्हणजे आपोआप बंद पडले. ती चीप मी अजून ड्रॉवरमध्ये ठेवली आहे. नवीन मुलगा कामावर आला की त्याला आधी ती दाखवतो.

घरघंटी_भोसरी

परीक्षक साहेब, मनापासून आभार. हाताचे दोष एखाद्याच नगात असतात, हे वडिलांना लगेच पटले. पण भावाचा मुद्दा उरतोच. जी वायर पत्र्याच्या धारेवर टेकली आहे ती मेगरला का दिसू नये?

चाकण_क्वालिटी

टेकली असेल तर दिसेल. अगदी टेकता टेकता राहिली असेल तर दिसणार नाही, आणि खरी गोम तिथे आहे.

समजा तुटलेली एक तार मोटरच्या बॉडीपासून ०.२ मिलिमीटरवर उभी आहे, म्हणजे दोन-अडीच केसांच्या जाडीइतक्या अंतरावर. मधली हवा कोरडी आणि स्वच्छ असेल तर ती उत्तम इन्सुलेटर आहे. इतक्या कमी अंतरात ती साधारण १३०० व्होल्टपर्यंत टिकते. मेगरचे ५०० व्होल्ट तिला ओलांडता येत नाहीत, म्हणून तो इन्फिनिटी दाखवतो, आणि त्याच्या परीने तो खरेच सांगत असतो. घरातला वीजपुरवठा २३० व्होल्टचा असला तरी त्याचे शिखरमूल्य सुमारे ३२५ व्होल्ट असते, तेही तिला ओलांडत नाही. म्हणून तुमची घरघंटी कारखान्यात चालून दाखवते आणि ग्राहकाकडेही पहिले काही महिने चालते. आता तिथे १००० व्होल्टचा प्रत्यावर्ती दाब द्या. त्याचे शिखरमूल्य सुमारे १४१४ व्होल्ट होते. तारेचे टोक टोकदार असल्याने हवा त्याआधीच फुटते आणि यंत्र ट्रिप होते.

ग्राहकाकडे काय होते? घरघंटी थरथरते. आत पिठाची धूळ बसते, आणि पावसाळ्यात ती धूळ ओल धरते. ०.२ मिलिमीटरचे अंतर धुळीने भरले की करंटला वाट मिळाली. शिवाय पुरवठा नेहमी २३० व्होल्टच राहत नाही. जवळपास वीज पडली किंवा मोठा भार एकदम तुटला तर क्षणभरासाठी बरेच मोठे उसळणारे दाब येतात. प्लगवर चालणाऱ्या उपकरणांसाठी मानक २५०० व्होल्टचा आवेग, म्हणजे असा क्षणिक उसळता दाब, गृहीत धरते. त्रिफेज जोडणीत न्यूट्रल सुटला तर एखाद्या घरात ४०० व्होल्टच्या आसपास दाब पोहोचतो. हजार व्होल्ट ऐकायला फार वाटतात, पण त्यामागे हा हिशेब आहे.

वाइंडिंग_नारायणपेठ

चाकणकरांचे गणित मान्य आहे, पण मेगरला असे कोपऱ्यात बसवू नका. मी वीस वर्षे मोटरी रिवाइंड करतो, म्हणजे त्यांच्यातली तार नव्याने गुंडाळतो. जुलै-ऑगस्टमध्ये माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या मोटरींचा दोष ओल हाच असतो. ओल मेगरच दाखवतो, आणि आकड्यात दाखवतो: आज ४ मेगॅओम, भट्टीत सहा तास ठेवल्यावर ८०, दुसऱ्या दिवशी २०० च्या पुढे. हायपॉट फक्त पास किंवा फेल सांगतो. ओल्या मोटरीवर सरळ उच्चदाब देणे म्हणजे जी मोटर वाळवून वाचली असती तिला मारणे आहे. आधी मेगर, तो समाधानकारक असेल तरच हायपॉट, आणि त्यानंतर पुन्हा मेगर. हा क्रम माझ्या गुरूंनी शिकवला आणि मी तो मोडलेला नाही.

आणखी एक. वेढ्या-वेढ्यांमधला शॉर्ट हायपॉटला सापडत नाही. वाइंडिंगची सगळी टोके एकत्र बांधून बॉडीच्या विरुद्ध दाब देतात, त्यामुळे दोन शेजारच्या वेढ्यांमध्ये दाबाचा फरकच पडत नाही. त्यासाठी सर्ज टेस्ट, म्हणजे वाइंडिंगला दाबाचे क्षणिक झटके देणारी चाचणी, लागते.

चाकण_क्वालिटी

नारायणपेठ दादा, क्रमाबद्दल पूर्ण सहमत. नव्या, कोरड्या उपकरणाच्या उत्पादन रांगेवर काही जण मेगर गाळतात. दुरुस्तीच्या कामात तो कधीच गाळू नये.

रोहित्र

वेढ्यांचा विषय निघाला म्हणून रोहित्रांबद्दल, म्हणजे ट्रान्सफॉर्मरबद्दल, थोडेसे. ११ किलोव्होल्टच्या वितरण रोहित्राला दोन वेगळ्या चाचण्या करतात. एकीत उच्चदाब बाजूला बॉडीच्या विरुद्ध २८ किलोव्होल्ट एक मिनिट देतात. दुसरीत वेढ्यांमधले इन्सुलेशन तपासण्यासाठी रोहित्रातच दुप्पट दाब निर्माण करतात. ५० हर्ट्झवर दुप्पट दाब दिला तर गाभा चुंबकीयदृष्ट्या संपृक्त होतो आणि करंट भरमसाट वाढतो, म्हणून त्या वेळी वारंवारता १०० हर्ट्झ किंवा त्याहून जास्त ठेवतात. आमच्याकडे एकही रोहित्र या दोन्ही चाचण्यांशिवाय दारातून बाहेर जात नाही.

वाडा_शुक्रवारपेठ

मी या क्षेत्रातली नाही, पण हा धागा वाचून लिहावेसे वाटले. आमचा वाडा जुना आहे. तीन वर्षांपूर्वी घेतलेल्या कपडे धुण्याच्या यंत्राला ओल्या हाताने स्पर्श केला की झटका बसायचा. दुकानदार म्हणाला, तुमच्या घराचे अर्थिंग तपासा. तपासले, तर प्लगच्या तिसऱ्या भोकामागे वायरच नव्हती. अर्थिंग करून घेतले आणि झटका थांबला. पण त्यानंतर घरात आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच, बसवला, तर यंत्र लावल्याबरोबर तो पडू लागला. शेवटी तंत्रज्ञाने मागचे झाकण काढले, तर पंपाची वायर झाकणाच्या कडेखाली दाबली गेलेली होती आणि तिच्यावर पत्र्याची खूण स्पष्ट उमटलेली होती. ते झाकण आमच्याकडे त्याआधी कोणीही उघडलेले नव्हते.

माझी सासू त्या यंत्राजवळ अनवाणी उभी राहून कपडे पिळायची. मला एवढेच विचारायचे आहे, की ज्या चाचणीबद्दल आपण बोलत आहात ती झाली असती तर हे सापडले असते का?

निवृत्त_परीक्षक

होय ताई, नीट केली असती तर बहुधा सापडले असते. वायर दाबली गेली होती पण अजून पूर्ण फाटली नव्हती, अशा अवस्थेत मेगर चुकला असता तरी उच्चदाबाने ती जागा दाखवण्याची शक्यता मोठी होती.

तुमच्या अनुभवात या प्रश्नाचे सर्वांत महत्त्वाचे उत्तर आहे, ते सर्वांसाठी उलगडून सांगतो. धातूची बॉडी असलेल्या उपकरणात माणूस आणि वीज यांच्यामध्ये दोन अडसर असतात: एक इन्सुलेशन, दुसरा अर्थिंग. एक ढासळला तर दुसरा सांभाळतो, अशी ती रचना आहे. पण दुसरा अडसर कारखान्याच्या हातात नसतो. आपल्या शहरातल्या किती जुन्या घरांत तिसऱ्या भोकामागे वायर नाही, हे प्लग उघडून पाहणाऱ्या कोणत्याही वायरमनला विचारा. अशा घरात उपकरण पोहोचते तेव्हा एकच अडसर उरतो आणि तो कारखान्यातून आलेला असतो. म्हणून मी माझ्या हाताखालच्या मुलांना सांगायचो, की अर्थिंग नाही असे धरूनच नग तपासायचा.

म्हणूनच हायपॉटच्या जोडीला अर्थ कंटिन्युइटीही, म्हणजे अर्थिंगची वायर बॉडीपर्यंत अखंड आहे की नाही ही चाचणीही, प्रत्येक नगावर करायची असते. किमान १० अँपिअर करंट सोडायचा आणि वायरसकट रोध ०.२ ओहमच्या आत हवा.

संगणक_दुरुस्ती

ताईंच्या बाबतीत दोष खरा होता. पण अर्थिंग नसलेल्या घरात संगणकाच्या धातूच्या बॉडीला हात लावला की मुंग्या येतात, तो प्रत्येक वेळी इन्सुलेशनचा दोष नसतो. पॉवर सप्लायमध्ये फेज ते अर्थ आणि न्यूट्रल ते अर्थ असे छोटे फिल्टर कपॅसिटर असतात. अर्थ तुटला की त्यांच्यामुळे बॉडीवर साधारण निम्मा दाब, म्हणजे ११५ व्होल्टच्या आसपास, येतो. वाहणारा करंट अर्ध्या मिलिॲम्पिअरपेक्षाही कमी असतो, पण बोटाच्या पाठीला जाणवतो. उपाय अर्थिंग हाच.

याच कपॅसिटरमुळे हायपॉट करतानाही घोटाळा होतो. २.२ नॅनोफॅरॅडचे दोन कपॅसिटर असतील तर १५०० व्होल्टला दोन मिलिॲम्पिअरहून थोडा जास्त करंट नुसता त्यांच्यातूनच वाहतो आणि चांगला नग फेल दिसतो. अशा वेळी डीसी दाब देतात. मात्र १५०० व्होल्ट एसीच्या बरोबरीला सुमारे २१२० व्होल्ट डीसी लागतो, आणि चाचणीनंतर नग डिस्चार्ज केल्याशिवाय हात लावायचा नाही.

घरघंटी_भोसरी

आमच्या घरघंटीत असा फिल्टर नाही, त्यामुळे एसीवरच करू. वडिलांच्या शंकेबद्दल कोणी सांगेल का? एवढ्या दाबाने चांगले इन्सुलेशन दुखावते का?

वाइंडिंग_नारायणपेठ

तुमच्या वडिलांची शंका अनुभवी माणसाची आहे, ती उडवून लावण्यासारखी नाही. इन्सुलेशनवर जास्त दाब जितका वेळ आणि जितक्या वेळा द्याल तितकी त्याची थोडी झीज होते, हे खरे आहे. मानकालाही ते ठाऊक आहे. फिरत्या यंत्रांच्या आयईसी ६००३४-१ मध्ये लिहिले आहे की पूर्ण दाबाची चाचणी पुन्हा पुन्हा करू नये, आणि दुसऱ्यांदा करावीच लागली तर ८० टक्के दाबावर करावी. अर्धवट रिवाइंड केलेल्या मोटरला ७५ टक्के, पूर्ण रिवाइंड केलेल्या मोटरला मात्र नव्यासारखा पूर्ण दाब.

आता तुमचा हिशेब मांडू. २३० व्होल्टच्या मोटरला दुप्पट अधिक हजार, म्हणजे १४६०, पण किमान मर्यादा १५०० व्होल्टची. त्यावर पुरवठादाराने ती तपासली. त्याचे ८० टक्के १२०० झाले. तुम्ही देणार १००० व्होल्ट, तेही एक सेकंद. दुसऱ्या वेळेसाठी मोटरला जेवढे सोसायला सांगितले आहे त्याहूनही हे कमी आहे. वडिलांना हा आकडा दाखवा.

निवृत्त_परीक्षक

नेमके उत्तर. यात एकच जोडतो: फेल झालेला नग खात्री करण्यासाठी तीन-तीनदा तपासत बसू नये. फेल झाला की उघडावा, कारण शोधावे, दुरुस्त करावा आणि मग एकदाच तपासावा.

चाकण_क्वालिटी

आता सर्वांना एक कळकळीची विनंती. चाचणी करतो म्हणणाऱ्या कितीतरी ठिकाणी प्रत्यक्षात चाचणी होतच नाही, आणि हे कोणाच्या लक्षातही येत नाही.

मी एका पुरवठादाराकडे तपासणीला गेलो होतो. नोंदवही सुरेख, प्रत्येक नगापुढे पास. मी लीकेज करंटचा रकाना वाचू लागलो: ०.००, ०.००, ०.००, सलग अडीच पाने. मोटर आणि वायर यांना स्वतःची धारिता, म्हणजे कपॅसिटरसारखा थोडा करंट वाहू देण्याचा गुण, असतेच. १००० व्होल्टला काही दशांश मिलिॲम्पिअर दिसलेच पाहिजेत. मी टेस्टरची लाल लीड हातात घेतली तर क्लिपमधला जोड आतून तुटलेला होता. वरचे रबर शाबूत असल्याने बाहेरून काहीच कळत नव्हते. अडीच पाने भरतील एवढे नग हवेची चाचणी होऊन गेले होते. सुटलेली लीड नेहमी पासच होते, कारण यंत्राला जास्त करंट दिसला तरच ते ओरडते.

म्हणून दोन गोष्टी करा. रोज सकाळी पहिल्या नगाआधी एक मुद्दाम बिघडवलेला नमुना जोडा आणि यंत्र फेल दाखवते का ते पाहा. दुसरे, टेस्टरमध्ये खालची मर्यादाही लावता येत असेल तर लावा, म्हणजे ०.०० आले तरी तो थांबेल.

आणि उच्चदाब पार झाला म्हणजे आतली अंतरे बरोबर आहेत, असा अर्थ काढू नका. २५०० व्होल्टच्या आवेगासाठी १.५ मिलिमीटर अंतर लागते. अर्ध्या मिलिमीटरवरची तार १००० व्होल्टला सहज पास होईल. डोळ्यांनी पाहणे सुटत नाही.

तळवडे_पॅनेल

आणि उपकरणाचा स्विच चालू ठेवा! बंद स्विचवर चाचणी केली तर स्विचच्या पलीकडचे काहीच तपासले जात नाही.

निवृत्त_परीक्षक

हे ठळक अक्षरांत लिहून टेबलावर लावण्यासारखे आहे. फेज आणि न्यूट्रल एकत्र जोडा, स्विच चालू करा, घरघंटीच्या दाराचा सुरक्षा स्विचही दाबलेला असू द्या, आणि मग त्या जोडीच्या विरुद्ध बॉडीवर दाब द्या.

तपासणाऱ्या मुलाचीही काळजी घ्या. पायाखाली रबरी मॅट, भोवती दोरी, लाल दिवा, आणि दोन्ही हातांनी एकदम दाबल्याशिवाय दाब सुरू होणार नाही असे बटण. दोन्ही हात बटणावर असले की ते नगावर असू शकत नाहीत.

घरघंटी_भोसरी

पाच आठवड्यांनी पुन्हा लिहितो आहे, कारण आपण सर्वांनी इतका वेळ दिला त्याचा हिशेब देणे माझे काम आहे.

टेस्टर आणला. खालची मर्यादा ०.२ आणि वरची ५ मिलिॲम्पिअर ठेवली. आमचे चांगले नग ०.५ ते ०.७ च्या दरम्यान येतात. भावाने एका जुन्या मोटरच्या वायरला मुद्दाम चीर देऊन, तिला पट्टीने बॉडीशी आवळून सकाळचा फेल नमुना बनवला आहे. तो लाल रंगाने रंगवून टेबलाखाली साखळीने बांधला आहे, म्हणजे चुकून नगांत मिसळणार नाही. १२०० आणि १००० चा हिशेब वडिलांना कागदावर मांडून दाखवला. ते थोडा वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, मग कर.

पहिले तीन आठवडे सगळे पास. भाऊ काही बोलला नाही, पण त्याच्या मनात काय होते ते मला कळत होते. चौथ्या आठवड्यात गुरुवारी एक नग ट्रिप झाला. त्याच नगाचा मेगर दहा मिनिटांपूर्वी भावानेच घेतला होता, इन्फिनिटी. आम्ही दोघांनी मागचा पत्रा काढला. वरून काहीच दिसेना. मग भावाने टॉर्च आडवा धरला, तेव्हा स्विचकडे जाणाऱ्या निळ्या वायरवर नखाने दाबल्यासारखी एक अर्धवर्तुळाकार खूण दिसली आणि तिच्या मधोमध तांबे चमकले. पत्र्याच्या कोपऱ्यातला स्क्रू त्या वायरवर उतरत होता. आमच्याकडे दोन लांबीचे स्क्रू एकाच डब्यात होते, आणि त्या कोपऱ्यात लांब स्क्रू गेला होता.

त्याच संध्याकाळी डबे वेगळे केले. त्या दिवशी जोडलेले बाकीचे चौदा नगही भावाने स्वतः उघडून पाहिले. आणखी एकात लांब स्क्रू निघाला, वायर तिथे बाजूने गेली असल्याने तो पास झाला होता. चाकण दादांनी डोळ्यांनी पाहणे सुटत नाही म्हणून सांगितले होते, ते तिथे कळले. वायर बदलून ट्रिप झालेला नग पुन्हा तपासला, ०.६१ आले, आणि शनिवारी तो धायरीला एका घरी गेला.